डिझेल-ऑइल मुरलेल्या मातीत गांडुळं सोडू का?

मोसंबी_अंबड:
विहिरीच्या काठावर वडलांनी डिझेल इंजिन बसवलं होतं. वीज आल्यावर ते भंगारात गेलं, पण त्याआधी वीस-बावीस वर्षं तिथं डिझेल गळलं, आणि बदललेलं जळकं ऑइलही आम्ही तिथंच ओतत होतो. आता अर्धा गुंठा जागा चिकट काळी पडलीय. पाऊस झाला की पाण्यावर रंगीत तवंग येतो. हराळीसुद्धा धरत नाही तिथं! घरी गांडूळखताचा बेड आहे, त्यातली गांडुळं सोडली तर माती नीट होईल का? आईला तिथं मेथी-कोथिंबीर टाकायचीय.

साधा_शेतकरी:
भाऊ, वरची फूटभर माती उकरून ओढ्याला टाका अन् मोकळे व्हा.

गांडूळखत_परभणी:
ओढ्याला अजिबात नको, खालच्या वस्तीची जनावरं तेच पाणी पितात.

दादा, थेट सोडली तर गांडुळं मरतील. ती कातडीनं श्वास घेतात. शिवाय बेडमधली जात, आयसेनिया फेटिडा, शेणा-पाल्यात राहणारी. नुसत्या काळ्या मातीत टिकत नाही. तेल खातात ते मातीतले जीवाणू. गांडूळ माती पोटातून फिरवून, बिळं करून त्यांना हवा पोचवतं. तेव्हा आधी माती विहिरीपासून लांब ताडपत्रीवर काढा, कुजलेलं शेणखत मिसळा, ओल राखा, पंधरवड्याला खालीवर करा. वास उतरला की बादलीभर मातीत दहा गांडुळं सोडून बघा. प्रयोगशाळेतही हीच जात मातीत सोडतात आणि १४ दिवसांनी जिवंत किती ते मोजतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. जळक्या ऑइलात शिसं, जस्त असे धातू असू शकतात. ते कुजत नाहीत, गांडुळाच्या अंगात साठतात. ती गांडुळं कोंबड्यांना घालू नका, ते खत भाजीला टाकू नका.

मोसंबी_अंबड:
चार महिन्यांनी लिहितोय. तुमचं वाचायच्या आधीच घाईनं एक बादली भरली होती, त्यातली दहाही दुसऱ्या दिवशी वर येऊन मेली. फार वाईट वाटलं. मग शेणखत घालून ढीग लावला, चार वेळा उलथला. परवा मोजली, दहातली सात जिवंत, खालच्या ओलीत शिरलेली. वास बराच उतरलाय. धातूंसाठी मातीचा नमुना तपासायला देतोय. आईनं मेथी घरामागं टाकली. ट्रॅक्टरचं ऑइल आता डब्यात साठवतो.