पाडव्याच्या आत माळा काढायला घेतला आणि आता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही

माळ्यावरची_मांजर:
नमस्कार मंडळी. दिवाळीत माळा काढायचा दरवर्षी राहूनच जातो, फराळ, ऑफिस, लेकीची सहामाही सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून यंदा ठरवलं गुढीपाडव्याच्या आत उरकायचं, ऊनही मस्त आहे, गाद्या-उशा पण तापतील. रविवारी सकाळी नवऱ्याला शिडीवर चढवलं, तो वरून देतोय मी खाली घेतेय असं करत दुपारी एकपर्यंत सगळं हॉलमध्ये आलं आणि तेव्हा कळलं की टाकायचं काय हे कुणी ठरवलेलंच नाहीये.

आइस्क्रीमचे रिकामे डबे 37 (मोजले), झाकणं 22. मिक्सरचं भांडं आहे, मिक्सर मात्र जाऊन दहा वर्षं झाली. बुटाच्या खोक्यात नवऱ्याच्या वायरी, हात लावला की "अगं ती लागते कधीतरी". एका बाजूने चेपलेलं पितळेचं घंगाळ. आणि लग्नपत्रिकांची एक गच्च पिशवी. साबा (सासूबाई) सोफ्यावर बसून एकेक वस्तू हातात घेतात, पदराने पुसतात आणि "राहू दे"च्या ढिगात ठेवतात. टाकायच्या ढिगात अख्ख्या दिवसात एक फुटकी बादली होती, ती पण संध्याकाळी बाल्कनीत गेली, तिच्यात अळू लावायचाय म्हणे.

तर तुम्ही लोक आवराआवर कधी काढता आणि काय टाकायचं ते घरात कोण ठरवतं? आणि पत्रिकांचं काय करता ते नक्की सांगा, प्रत्येकीवर गणपती आहे, रद्दीत द्यायला साबा तयार नाहीत.

कृष्णाकाठ:
आमच्याकडे सातारा साइडला पाडवा-दिवाळी दोन्ही नाही, खरी साफसफाई घट बसायच्या आधी. पितृपक्ष लागला की आई घर वरपासून खालपर्यंत काढायची, जळमटं, मग फडताळातले सगळे डबे घासून पालथे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे गोधड्या. घरातली एकूण एक गोधडी बैलगाडीत, नंतर नंतर टेम्पोत घालून नदीवर. सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या, आम्ही पोरं वर नाचायचो, तेच तुडवणं. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पीळ द्यायच्या आणि त्यातनं जे काळं पाणी निघायचं ते बघून वर्षभर आपण कशावर झोपलो असं वाटायचं. नेमका त्याच आठवड्यात परतीचा पाऊस गाठायचा, मग अर्धवट वाळलेल्या गोधड्या उचलून पळापळ. आता आई वॉशिंग मशिनमध्ये टाकायला बघते, मशिन धडधडत बाथरूमच्या दारापर्यंत चालत येतं.

टाकायचं म्हणाल तर आमच्यात टाकत नाहीत, जुनं लुगडं गोधडीत जातं, गोधडी फाटली की बैलाच्या पाठीवर, मग पायपुसणं.

तळकोकणी:
आमका पाडवो नको नि दिवाळी नको, आमचा सगळा मिरगाच्या आधी. बाकीचं साध्या मराठीत लिहितो नायतर तुम्ही भाषांतर मागाल. 7 जूनच्या आसपास मृग लागतो, त्याच्या आत कौलं परतायची, फुटलेली बदलायची, लाकडं आणि शेणी पडवीत भरायच्या, आणि कौलं परतायला माणूस वर चढला की माळ्यावर वर्षभराचा पातेरा, माती नि उंदरांची बाळंतपणं खाली येतात, त्यामुळे माळा साफ करण्यावाचून पर्यायच नसतो. त्याच दिवसांत खळ्यात आमसुलं वाळत असतात, त्यावर धूळ उडाली की आजीच्या शिव्या.

पावसाळ्यानंतर आवरणाऱ्यांना माझा एकच प्रश्न, तोपर्यंत काय उरतं? आमच्याकडे चार महिने बंद राहिलेली चामड्याची चप्पल बाहेर काढली तर तिला हिरवी दाढी आलेली असते. मांजरताई, तुम्ही मार्च-एप्रिलचं ऊन धरलंत ते बरोबर केलंत. पेट्या, पुस्तकं, गाद्या आत्ताच तापवून घ्या, ऑक्टोबरमध्ये वास आल्यावर काय उपयोग नाही.

पेठेतला_रद्दीवाला (नावावर जाऊ नका, बँकेत आहे):
मुद्द्याचं बोलू. तुमची चूक अशी झाली की सगळा माळा एकदम उतरवला. असं कधीही करायचं नाही. एका दिवशी एक खोकं, तेही साबा दुपारी झोपल्यावर.

पत्रिका: माझ्या बायकोची पद्धत सांगतो. गणपतीचं चित्र कात्रीने कापून घ्यायचं, जाड कागदाची पाठ कोरी असते ती वाणसामानाच्या यादीला, उरलेलं रद्दीत. कापलेले गणपती बादलीत दोन दिवस भिजवायचे, लगदा होतो, तो कुंडीत. चकचकीत प्लास्टिकवाला कागद विरघळत नाही, तेवढा वेगळा काढा. जुन्या तसबिरींनाही हेच, काच आणि चौकट वेगळी करायची. पिंपळाखाली नेऊन ठेवू नका हो प्लीज, आमच्या इथल्या पारावर अर्धा देव्हारा जमलाय आणि त्यावर कुत्री झोपतात.

वायरींच्या खोक्याबद्दल तुमच्या मिस्टरांना माझा पूर्ण पाठिंबा. मागच्या महिन्यात जुन्या कॅमेऱ्याची वायर सापडली, तिच्यामुळे 2006 सालचे पोराच्या बारशाचे फोटो निघाले. बाकी खरंच मेलेले चार्जर, मोबाइल भंगारात देऊ नका, तांब्यासाठी वायरी जाळतात तिकडे, तो धूर आपल्याच नाकात. ई-कचऱ्यात द्या. पुण्यात असाल तर रोज कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारा, कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे ती, जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा कधी नि कुठे घेतात ते त्या सांगतात.

योकोहामाची_सून:
सगळ्यांचं वाचून भंगारवाल्याची हाक ऐकावीशी वाटली एकदम. इकडे जपानात घराची मोठी सफाई डिसेंबरच्या शेवटी, ओसोजी म्हणतात, नवीन वर्ष स्वच्छ घरात यायला हवं म्हणून. थंडीत कुडकुडत खिडक्या पुसायच्या, आपलं पाडव्याचं ऊन कुठे नि हे कुठे. पण खरी गंमत टाकण्यात आहे. मोठी वस्तू अशीच खाली नेऊन ठेवता येत नाही, आधी फोनवर नाहीतर ऑनलाइन बुकिंग, मग दुकानातून तेवढ्या किमतीचं स्टिकर विकत आणून वस्तूवर चिकटवायचं आणि दिलेल्या दिवशी सकाळी बाहेर ठेवायची. टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशिन तर त्यातही चालत नाही, 2001 पासून त्यांचा वेगळा कायदा आहे, रिसायकलिंगचे पैसे आपणच भरायचे. एक मोडकी खुर्ची टाकायला मी पैसे भरले तेव्हापासून दुकानात काहीही उचलताना आधी हे डोक्यात येतं की ही टाकायला किती पडतील. साबांना हे सांगून बघा, 37 डबे टाकायला 37 स्टिकर 😀

चिमणी२:
बोहारीण येते का हो कुणाकडे अजून? आमच्या आईने दोन पँटी, एक शालू आणि बाबांच्या चांगल्या स्वेटरवर एक स्टीलचं पातेलं घेतलं होतं, अर्धा तास घासाघीस, ती बाई उठून जिन्यापर्यंत जायची, आई दार लावायची, मग दोघी परत यायच्या. बाबांना स्वेटर गेल्याचं थंडीत कळलं. ते पातेलं माझ्याकडे आहे, दूध त्यातच तापतं.

माळ्यावरची_मांजर:
सगळ्यांना धन्यवाद. अपडेट देते. रद्दीवाले दादा, तुमची दुपारची युक्ती केली, 15 बिनझाकणाचे डबे साबा घोरत असताना गेले, उठल्यावर त्यांनी मोजले नाहीत, निदान बोलल्या तरी नाहीत. पत्रिका कापायला लेकीला बसवलं, तिला माझ्याच लग्नाची पत्रिका मिळाली, तीन उरल्या होत्या, एक ठेवली. गाद्या गच्चीवर आहेत. वायरींचं खोकं परत माळ्यावर गेलं, दादा, ते तुमच्यामुळे, नवऱ्याने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

घंगाळ चिंच-मिठाने घासलं, एवढं लखलखीत निघालं की आता कुणीच टाकू म्हणत नाही. साबा म्हणाल्या त्यात त्यांना माहेरी अभ्यंगाचं पाणी काढायचे, आणि चेप कुणी पाडला ते नाव घेऊन सांगितलं, धाकटे मामा, विहिरीच्या काठावरून. सध्या ते दारामागे आहे आणि मला रोज पायाला लागतंय. पाडव्याला चार दिवस राहिलेत, कुणाला हवं असेल तर सांगू नका, मी देणार नाहीये.