तान्हा पोळा आणि वेबकॅम: घरी चालते, हॉलमध्ये शिंगं डोक्यावर थांबूनच नाही राहिली

चितारओळवाला:
मंडळी, नागपूरच्या चितार ओळीत आमचं मूर्तीचं काम. मी मात्र रंगापेक्षा लॅपटॉपमध्येच जास्त असतो, म्हणून यंदा आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, तान्ह्या पोळ्यात (पोट्टे लाकडी नंदी सजवून आणतात तो) काहीतरी करायचं माझ्या गळ्यात पडलं. पोट्टं पडद्यासमोर उभं राहिलं की पडद्यावर त्याला शिंगं आणि बाशिंग, अन् तोंड उघडलं की घुंगरं वाजली पाहिजेत. पी५ जेएस या ब्राउझरमध्ये चित्रं काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलंय, चेहरा शोधायला मीडियापाइपचं फेस लँडमार्कर, म्हणजे चेहऱ्यावरचे नंबर दिलेले बिंदू सांगणारं तयार मॉडेल. आय५ लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, साधा यूएसबी वेबकॅम.

घरी टेबलावर झकास चाललं, सेकंदाला ३० फ्रेम. काल समाजभवनात प्रोजेक्टर लावून पाहिलं तर १०-११ वर आलं. चेहऱ्यावर आडवे पट्टे सरकून राहिले. पडद्यापासून साडेतीन मीटरवर पोट्टं उभं केलं तर चेहरा सापडतच नाही, अन् जवळ बोलावलं तर शिंगं हिव भरल्यासारखी थरथरतात. सेक्रेटरी काका म्हणाले, "मग फ्लेक्सच लावू का?" चार दिवस उरले आहेत. काय करू?

रामटेककर:
ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप आण भाऊ कोणाचा तरी. आय५ वर असंच होते.

चितारओळवाला:
घरी याच लॅपटॉपवर ३० येते ना!

पडद्यामागची:
लॅपटॉपला दोष देऊ नका. मी नाटकाची प्रकाशयोजना करते, म्हणून मला आधी अंधारच दिसतो. प्रोजेक्टरसाठी तुम्ही दिवे मालवले असणार. उजेड कमी पडला की वेबकॅम एकेक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. सेकंदाचा दहावा भाग उघडी राहिली तर दहाच फ्रेम मिळणार, मग लॅपटॉप कितीही भारी असो. खात्री करायची तर पोराच्या तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारा आणि आकडा पाहा. चढला तर दुखणं सापडलं.

दोन एलईडी बल्ब घ्या, डाव्या-उजव्या बाजूने तिरके, पोराच्या डोक्यापेक्षा थोडे वर. पुढे थोडं अंतर सोडून ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर पोरं डोळे बारीक करतात. आणि पडद्याच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा करा. हा पुठ्ठा विसरलात तर उजेड पडद्यावर सांडेल, चित्र फिकं पडेल आणि काका पुन्हा फ्लेक्सवर येतील.

पट्टे विजेच्या दिव्यांचे दिसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा बहुधा ६० वर असेल. ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा जोडा, 'कॉन्फिगर व्हिडिओ' उघडा, पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी ५० करा आणि मग ओबीएस बंद करा, नाहीतर ब्राउझरला कॅमेरा मिळणार नाही.

अंतराचं म्हणाल तर या मॉडेलमधला चेहरा शोधणारा भाग साधारण दोन मीटरपर्यंतचाच आहे. पोराला नाही, कॅमेऱ्याला पुढे आणा. पडद्याच्या खालच्या कडेसमोर, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर. दीड मीटरवर रांगोळीची रेघ मारा आणि "रेघेवर उभा राहा" एवढंच सांगा. यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या आत ठेवा.

थरथर उजेडाने अर्धी जाईल. उरलेलीला साधी सरासरी लावू नका, डोकं हललं की शिंगं मागून लोंबकळत येतात. २०१२ साली आलेला वन युरो फिल्टर लावा. चेहरा स्थिर असताना तो जास्त गुळगुळीत करतो, हलला की सैल सोडतो. त्यात जुळवायचे दोन आकडे आहेत, मिनकटऑफ आणि बीटा. आधी बीटा शून्य ठेवून थरथर जाईपर्यंत मिनकटऑफ कमी करा, मग मागे पडणं थांबेपर्यंत बीटा वाढवा.

बाशिंगाला १० नंबरचा बिंदू धरा, तो कपाळाच्या वरच्या कडेला असतो. तोंडासाठी १३ आणि १४ या वरच्या-खालच्या ओठांच्या बिंदूंमधलं अंतर घ्या, पण त्याला ३३ आणि २६३ या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधल्या अंतराने भागा. नाहीतर जवळ आलेलं पोर तोंड न उघडताही घुंगरं वाजवेल.

धंतोलीची ताई:
दादा, हॉलमध्ये नेट आहे का ते आधी पाहजा. मॉडेलच्या फायली नेटवरून येत असतील तर लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा. पान लोकलहोस्टवरूनच, म्हणजे त्याच लॅपटॉपवरून, उघडजा, दुसऱ्या मशिनवरून साध्या एचटीटीपीने उघडलं तर ब्राउझर कॅमेरा देत नाही. आणि दारावर एक कागद लावा: व्हिडिओ लॅपटॉपबाहेर जात नाही, साठवत नाही. माझ्या मुलाला मी हे वाचल्याशिवाय उभं केलं नसतं. अजून एक, फेस लँडमार्करमध्ये शोधायच्या चेहऱ्यांची संख्या मुळात एकच असते. बहीण-भाऊ जोडीनेच येतात, दोन करून ठेवा.

चितारओळवाला:
टॉर्च मारला अन् ११ चे २८ झाले! मी दोन रात्री कोड उकरत बसलो होतो.

सीताबर्डीहून दोन बल्ब आणले, पुठ्ठा मूर्तीच्या खोक्याचा, वरून काळा पोस्टर कलर. बीटा अजून हातानेच जुळवून राहिलो, पण शिंगं बसली. दारावर कागदही लावला, ताई.

काल सराव घेतला. पहिलं पोट्टं चार वर्षांचं, रेघेवर उभं राहिलं, पण आपला लाकडी नंदी तोंडापुढे धरून. "याले लावा ना शिंगं." आम्ही सांगून थकलो की नंदीला आहेत शिंगं आधीच. शेवटी त्याची आजी मागून डोकावली, अन् चेहऱ्यांची संख्या दोन केलेली होती, तर शिंगं आजीला लागली. आता लेआउटभर तोच व्हिडिओ फिरून राहिला. कोणीतरी मोबाइलवर घेतला, ताई, लॅपटॉपमधून नाही गेला.