मदत हवी आहे: ब्रॅक्स्टन ऐकायचा कसा?

मंडळी, जॅझ बऱ्यापैकी ऐकतो, पण अँथनी ब्रॅक्स्टन या अमेरिकन सॅक्सोफोनवादक-संगीतकारापाशी गाडी अडते. १९६९ साली ध्वनिमुद्रित झालेला त्याचा ‘फॉर आल्टो’ हा अल्बम घ्या. ना ड्रम, ना बास, नुसता एकटा सॅक्सोफोन. त्यातली एक रचना थेट जॉन केज या प्रयोगशील अमेरिकन संगीतकाराला अर्पण केलेली, आणि इतकी कर्कश की घरच्यांनी दार लावून घेतलं! गंमत म्हणजे केजला स्वतःला जॅझचं फारसं कौतुक नव्हतं. मग ब्रॅक्स्टनने त्याच्याकडून नेमकं घेतलं काय? केजच्या ‘४ मिनिटं ३३ सेकंद’ या वादक काहीच न वाजवणाऱ्या रचनेतली शांतता तर नक्कीच नाही.

अमेरिकन संगीतकार गुंथर शूलरने १९५७ मध्ये जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मिलाफाला ‘थर्ड स्ट्रीम’ म्हटलं ते कळतं, लिहिलेलं आणि उत्स्फूर्त शेजारी शेजारी. इथे मात्र सांधाच सापडत नाही. आधी केज ऐकू की जर्मन संगीतकार श्टॉकहाउझन? दोन-चार रचना क्रमाने सुचवाल का?