देगाने दुकानातल्या मुलीचा चेहरा आरशाआड का ठेवला?

रंगपेटी:
फ्रेंच चित्रकार एदगार देगाचे ‘टोपीवालीच्या दुकानात’ हे १८८२ सालचे पेस्टल, म्हणजे रंगीत खडूंनी काढलेले चित्र, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एक उंची कपड्यांतली स्त्री आरशापुढे उभी राहून डोक्यावरची टोपी हाताने सारखी करते आहे. तिच्यासमोर दुकानातली मुलगी दोन टोप्या पुढे धरून उभी आहे, पण उभ्या आरशाचा गडद पट्टा नेमका तिच्या अंगावरून खाली उतरतो आणि तिचा चेहरा झाकून टाकतो. गिऱ्हाईक पूर्ण दिसते, विकणारी मात्र फक्त टोप्या धरण्यापुरती उरते. या रचनेचे कौतुक करताना ‘धाडसी छेद’, ‘आधुनिक दृष्टी’ असे शब्द वापरले जातात, पण मला त्यात एका कष्टकरी मुलीला सहज पुसून टाकणे दिसते. ज्या काळात पॅरिसमध्ये घरंदाज बाई टोपीशिवाय रस्त्यावर पाऊल टाकत नसे, त्या काळात त्या टोप्या घडवणाऱ्या आणि विकणाऱ्या मुलींवरच या व्यवसायाचा डोलारा उभा होता. हंगाम संपला की त्यांचे काम सुटायचे. देगा स्वतः बँकवाल्याचा मुलगा. त्याची नजर गिऱ्हाइकावर खिळली यात नवल नाही, पण म्हणून आपण तिला निर्दोष ठरवू नये.

निळी शाई:
तुमची कळकळ मान्य आहे, निष्कर्ष मात्र अजिबात पटला नाही. चित्रातली गिऱ्हाईक कोणी श्रीमंत अनोळखी बाई नाही, तिच्यासाठी मेरी कसाट उभी राहिली होती. ही अमेरिकी चित्रकार पॅरिसमध्येच राहात असे आणि देगाच्याच आमंत्रणावरून १८७९ पासून इम्प्रेशनिस्ट या त्याच्या चित्रकार-गटाच्या प्रदर्शनांत भाग घेऊ लागली होती. मनातली हालचाल नेहमीच्या मॉडेलला साधत नसे, तेव्हा देगा आपल्याला उभे करीत असे, असे कसाटनेच तिची मैत्रीण लुईझीन हॅव्हमायर हिला सांगितले होते, आणि पुढे याच हॅव्हमायर बाईंच्या संग्रहातून हे चित्र १९२९ मध्ये संग्रहालयाला मिळाले. म्हणजे देगाचे सगळे लक्ष त्या उचललेल्या हातावर आणि किंचित कलत्या मानेवर होते. श्रीमंती मिरवणे हा त्याचा हेतूच नव्हता.

आणि चेहरा झाकला म्हणून माणूस पुसले जाते हे मला मान्य नाही. दुकानात उभ्या असणाऱ्या मुलीकडे तिथे येणारी बाई कशी पाहात असेल, याचा थोडा विचार करावा. तिला टोपी दिसते, टोपी धरणारा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. देगाने हे वास्तव गोड करून न सांगता आपल्यालाच त्या बाईच्या नजरेत आणून उभे केले आहे, आणि म्हणूनच तुम्हाला ते खटकले. त्याने तिथे एक गोड, हसरा चेहरा रंगवला असता तर ही चर्चा सुरूच झाली नसती.

रंगपेटी:
खटकणे हेच चित्राचे यश, असे मानले तर कोणत्याही चित्राला दोष देता येणार नाही. हा अर्थ आज आपण लावतो आहोत. देगाच्या मनात तोच होता याला आधार काय? शिवाय पेस्टल हे कोरडे माध्यम आहे. खडूची भुकटी कागदावर बसते, ती झटकता येते, पुसून जागा पुन्हा घेता येते, थरावर थर चढवता येतो. आरसा चार बोटे सरकवणे त्याला अशक्य नव्हते. त्याने तो सरकवला नाही, म्हणजे निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे आणि त्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

निळी शाई:
निर्णय जाणूनबुजून घेतलेला आहे, यावर आपले एकमत आहे, आणि तोच माझा आधार आहे. देगा या मुलींकडे दुर्लक्ष करणारा असता तर तो याच विषयाकडे पुन्हापुन्हा परतला नसता. १८८६ च्या आठव्या आणि शेवटच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्याने ‘छोट्या टोपीवाल्या’ हे पेस्टल ठेवले होते, त्यात गिऱ्हाईक नाहीच, टोप्यांचे काम करणाऱ्या दोघीच आहेत. शिकागोच्या संग्रहालयातल्या तैलचित्रात हातमोजे घातलेली एक मुलगी टोपी निरखते आहे. क्ष-किरण तपासणीवरून दिसते की त्या जागी त्याने आधी गिऱ्हाईक रंगवले होते आणि नंतर ते बदलून तिथे काम करणारी मुलगी आणली. एक आठवण सांगितली जाते, ती इथे फार महत्त्वाची वाटते. जेनेव्हिएव्ह स्ट्राउस या बाईंबरोबर तो कपड्यांच्या दुकानात जाई, तेव्हा इथे तुम्हाला एवढे काय पाहण्यासारखे वाटते, असे त्यांनी विचारल्यावर त्याने उत्तर दिले की टाचण्या धरणाऱ्या त्या लहान मुलीचे लाल हात.

पागोळी:
दोघांचेही वाचले. हातांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, पण तो रंगपेटी यांच्या बाजूने जातो. लाल हात पाहणारा माणूस हाताच्या मालकिणीविषयी काही बोलला, असे त्या आठवणीतही नाही. धोबिणी, नर्तिका, टोपीवाल्या यांच्या कामाने झिजलेल्या शरीराचे देगाइतके अचूक निरीक्षण त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. एखाद्या स्त्रीचे शरीर दमल्यावर कसे वाकते, हे तो बिनचूक जाणतो. पण अचूक पाहणे आणि आपुलकी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि निळी शाई यांचा सगळा युक्तिवाद पहिलीवरून दुसरी सिद्ध झाली असे धरून चालतो.

निळी शाई:
आपुलकीचा दावा मी केलेलाच नाही. तिचा चेहरा आपल्यापासून का लपतो, हे विचारायला देगाने आपल्याला भाग पाडले, एवढेच मी म्हणतो, आणि त्या काळच्या किती चित्रकारांनी दुकानातल्या नोकर मुलीबद्दल एवढे तरी केले, ते दाखवावे.

रंगपेटी:
इतरांनी कमी केले म्हणून याचे पुरेसे ठरत नाही. शिकागोच्या चित्राबद्दल मात्र आभार. त्याची छायाचित्रे पाहून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पुन्हा लिहीन. न्यूयॉर्कच्या चित्राबद्दलचा आक्षेप मी मागे घेत नाही.