अव्होका: आधी नदी, मग गाव
जगभरातल्या अव्होका नावाच्या गावांना आयरिश स्थलांतरितांनी आपल्या मूळ गावाच्या आठवणीने ते नाव दिले, हे विधान सरसकट पटत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात हे नाव प्रथम नदीला मिळाले, तेही १८३६ मध्ये थॉमस मिचेल या स्कॉटिश सर्वेक्षकाकडून. गाव त्या नदीकाठी नंतर वसले.

आयर्लंडच्या विकलो परगण्यात अव्हनमोर म्हणजे थोरली आणि अव्हनबेग म्हणजे धाकटी, अशा दोन नद्यांच्या संगमातून मूळ अव्होका निघते आणि आर्कलोजवळ समुद्राला मिळते. कवी थॉमस मूर यांनी गायिलेला संगम तो हाच. व्हिक्टोरियातील तिची नावबहीण मात्र, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते, मरे नदीपर्यंत पोहोचतच नाही, केरँगजवळच्या तळ्यांत आणि दलदलीत जिरून जाते.