मदत हवी आहे: अणुवीज केंद्राबाहेरची किरणोत्सर्ग मोजणी बघायला जातोय, नेमकं काय विचारू?

खाडीकाठ
गुरुवारी आमच्या गावातल्या काही जणांना केंद्राबाहेरची किरणोत्सर्गाची मोजणी कशी करतात ते दाखवायला नेणार आहेत. माझं नाव यादीत घातलंय कारण मी 'सायन्सवाला' (बीएस्सी केमिस्ट्री, त्यालाही आता जमाना झाला). मला चहा-बिस्किटं खाऊन, फोटो काढून परत यायचं नाहीये.

माझ्याकडे किरणोत्सर्ग मोजायचं छोटं यंत्र आहे. एरवी ०.१६च्या आसपास दाखवतं. गेल्या आठवड्यात एका रात्री ०.२४ झालं, सकाळी परत खाली. केंद्राच्या पत्रकात बघावं तर आकडा दोन आकडी! जुळवायचं कसं? आणि तिथे गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं? 'अणुऊर्जा चांगली की वाईट' कृपया नको. वेळ कमी आहे.

अणुरेणू
कुठलं केंद्र? तारापूर, कैगा, काक्रापार? ०.१६ काय, तासाला मायक्रोसिव्हर्ट? पत्रकात एकक काय लिहिलंय? यंत्र कुठलं, ठेवलंय कुठे? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून बसता का?

खाडीकाठ
तारापूर. अजून कुठलं असणार?
यंत्र ऑनलाइन मागवलेलं, पिवळं, चिनी. हो, मायक्रोसिव्हर्ट. पत्रकात नॅनोग्रे प्रति तास आहे. आता कृपया उत्तर.

बोईसरचा_बंड्या
रात्री वाढलं ना? मग डोकं खाजवायला नको. एमआयडीसीत रात्री पाइपांच्या वेल्डिंगचे एक्सरे काढतात, किरणोत्सारी इरिडियमने. आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलं माझं. दोरी बांधतात, लाल दिवा लावतात, सगळ्यांना लांब पिटाळतात. शंभर टक्के तेच.

अणुरेणू
बंड्याशेठ, इरिडियमचा कॅमेरा एका शॉटला काही मिनिटं उघडा असतो. यंत्रावर टोकदार उंचवटे दिसले असते आणि लगेच खाली आले असते. तेही घर अगदी शेजारी असेल तर. किलोमीटरभर लांबून रात्रभर आकडा चढा राहणं शक्य नाही. खाडीकाठ, दोन प्रश्न राहिलेत: यंत्र कुठे ठेवता? त्या रात्री पाऊस होता का?

बोईसरचा_बंड्या
पुस्तकं वाचून लिहिणं सोपं आहे. आम्ही जागेवर उभे असतो.

गणितातला_गोंधळ
धागाकर्ते, तुमच्या लक्षात आलंय का? ०.१६ गुणिले वर्षाचे ८७६० तास म्हणजे १४०० मायक्रोसिव्हर्ट. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) जनतेसाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे १०००. तुम्ही ऑलरेडी मर्यादेच्या वर राहताय! गुरुवारी हाच एक प्रश्न टेबलावर ठेवा, बाकी काही नको.

माजी_प्रयोगशाळा
अहो, नका ठेवू. पहिल्या दोन मिनिटांत तुमचं हसं होईल आणि उरलेल्या वेळात कुणी तुम्हाला गांभीर्याने घेणार नाही. ती १ मिलिसिव्हर्टची मर्यादा केंद्रामुळे पडणाऱ्या *जादा* मात्रेची (डोसची) आहे. जमीन, आकाश, घराच्या भिंती, श्वासातला रेडॉन यांचं त्यात धरत नाहीत. हे नैसर्गिक सगळं मिळून जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास येते. तुमच्या हिशोबाने अख्खी पृथ्वीच बेकायदेशीर.

गणितातला_गोंधळ
मग नैसर्गिक किती आणि केंद्राचं किती हे कोण ठरवणार? तेच ना? सोयीचं आहे.

खाडीकाठ
यंत्र स्वयंपाकघरात ओट्यावर असतं. पाऊस होता, जून आहे राव, कोकणात पाऊस नसेल तर काय असेल! त्याचा काय संबंध?

सुगरण_सुमन
ओटा ग्रॅनाइटचा आहे का? ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं! आम्ही ओटा बदलताना मी हे वाचलं होतं आणि मिस्टरांना सांगून कडाप्पाच घालून घेतला. डाग पडतात पण जिवाला घोर नाही.

खाडीकाठ
काळा ग्रॅनाइट आहे.

माजी_प्रयोगशाळा
काळा असेल तर तो बहुतेक खरा ग्रॅनाइट नाहीच. बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकतात तो डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा दगड असतो. त्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम तिन्ही कमी. गुलाबी-लालसर ग्रॅनाइटवर यंत्र ठेवलंत तर आकडा चढलेला दिसेल. आपल्याकडचा बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, या बाबतीत अगदी गरीब. म्हणून महाराष्ट्रात बऱ्याच भागात जमिनीचा किरणोत्सर्ग हैदराबादच्या ग्रॅनाइटपेक्षा कमी असतो, केरळातल्या चवऱ्याच्या थोरियमवाल्या मोनाझाइट वाळूचं तर नावच काढू नका. तरीही यंत्र ओट्यावरून उचला. मोकळ्या जागेत, जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतींपासून लांब. तुलना करायची तर अशीच.

आता पाऊस. जमिनीतून रेडॉन वायू निघतो, हवेत त्याची अपत्यं तयार होतात, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४. ती धुळीला चिकटून तरंगत असतात. पाऊस आला की ढगातली आणि हवेतली सगळी धुऊन खाली. जमिनीवर त्यांचा थर बसतो आणि गॅमा किरणांचा आकडा चढतो. त्यांची अर्धायुष्यं (निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण २७ आणि २० मिनिटं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं ओसरतं. रात्री चढलं, सकाळी उतरलं, हे त्यात चपखल बसतं.

पडताळा घरीच घेता येतो. चांगली सर येऊन गेली की गाडीच्या बॉनेटवरचं पाणी कागदी रुमालाने पुसा, रुमाल घडी करून यंत्राच्या नळीला टेकवा. आकडा उसळेल. अर्ध्या तासाने बघा, जादाचा भाग निम्म्यावर आलेला असेल. केंद्रातून निघालेलं सिझियम असतं तर ते अर्ध्या तासात हललं नसतं, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं.

निवांत_नाना
जुन्या आठवणी जाग्या झाल्या. माझ्या साडूंना थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ दिलं होतं. पुढे विमानतळावर यंत्र वाजलं आणि दीड तास बसवून ठेवलं. कागद बरोबर होता म्हणून सुटले. खाडीकाठ, घरात कुणाचं काही चालू नाही ना?

खाडीकाठ
नाही हो नाना. सगळे धडधाकट.
@माजी_प्रयोगशाळा, पाऊस समजला. पण एरवीचं ०.१६ पण त्यांच्या दुपटीच्या वर येतंय. मी नॅनोमध्ये करून बघितलं, १६० होतात. तेव्हा पाऊस नव्हता.

अणुरेणू
कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजताय.
(१) ग्रे (शोषलेली ऊर्जा) आणि सिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम) एक नाहीत. गॅमासाठी जवळपास आहेत, पण यंत्रावर असतो तो सिव्हर्ट थोडा चढाच येतो.
(२) स्वस्त गायगर नळी सिझियम-१३७वर बेतलेली असते. कमी ऊर्जेचे किरण ती जास्त मोजते.
(३) नळीचा स्वतःचाही पाया असतो. शिशात गुंडाळून ठेवली तरी ती अधूनमधून टिकटिकत राहते.
(४) वैश्विक (अवकाशातून येणारे) किरण धरलेत की वजा केलेत हे त्यांच्या पत्रकात बघा.
आणि सीपीएम (मिनिटाला किती टिकटिक) किती दिसतं? २५ असेल तर त्यात वर्गमुळाएवढी, म्हणजे ५ची इकडेतिकडे असणारच. दहा मिनिटांची सरासरी घ्या, एका मिनिटावर भांडू नका.
थोडक्यात, तुमचा आकडा 'किती' सांगायला कच्चा आहे. 'वाढलं की नाही' सांगायला मात्र पुरेसा.

गावकरी_गणू
म्हणजे सामान्य माणसाने मोजलं तर कच्चं आणि त्यांनी मोजलं की पक्कं. बार्क (भाभा अणुसंशोधन केंद्र) मोजणार, एनपीसीआयएल (अणुवीज महामंडळ) चालवणार, दोघेही अणुऊर्जा विभागाचेच. सासूच्या तक्रारीची चौकशी नवऱ्याकडे. २०१२ला कॅगनेही एईआरबीच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. जैतापूरला तर...

अणुरेणू
जैतापूरसाठी वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद झालेत, तिकडे जा. मुद्दा मात्र रास्त आहे. म्हणूनच आकडा काय आहे यापेक्षा तो कसा आला हे विचारायचं.

सुगरण_सुमन
आयोडीनच्या गोळ्या घरात ठेवाव्यात का? की आयोडीनयुक्त मीठ पुरतं?

माजी_प्रयोगशाळा
सुमनताई, मीठ अजिबात पुरत नाही. गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवते, बाकी कशापासून नाही, आणि प्रशासन सांगेल तेव्हाच घ्यायची. आपल्या मनाने नको.

खाडीकाठ, आता गुरुवारचं. मी या प्रकारच्या कामात होतो, तारापूरला नव्हे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

केंद्राबाहेरची मोजणी बार्कची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते, साधारण ३० किलोमीटरपर्यंत. तुम्हाला दोन प्रकारची साधनं दाखवतील. एक टीएलडी, छोटी चकती असते, खांबावर किंवा झाडावर टांगलेली. ती तीन महिन्यांनी काढून तापवतात आणि साठलेली एकूण मात्रा वाचतात. तुमच्या त्या रात्रीचे दोन-तीन तास तिच्यात विरघळून जातात, त्या रात्रीबद्दल तिला विचारून उपयोग नाही. दुसरं सतत चालणारं यंत्र, दर काही मिनिटांनी आकडा नोंदवणारं. विचारायचं ते याला. तुमच्या त्या रात्रीची तारीख द्या आणि सगळ्या ठिकाणांच्या नोंदी एकाच कागदावर मागा, सोबत पाऊस आणि वाऱ्याची दिशा. सगळी ठिकाणं एकदमच चढली असतील, वाऱ्याच्या उलट बाजूचीसुद्धा, तर पाऊस. वारा केंद्राकडून ज्या बाजूला वाहत होता तिकडचीच एक-दोन चढली असतील तर मात्र तिथेच थांबा आणि 'का' विचारा. माझ्या मते या भेटीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

यंत्राजवळ गेलात की अंशांकनाची (कॅलिब्रेशनची) चिठ्ठी शोधा, तारीख वाचा. वीज गेल्यावर नोंद थांबते का ते विचारा. जमलं तर तपासणीचा स्रोत (छोटा किरणोत्सारी तुकडा) जवळ धरून आकडा चढतो हे दाखवायला सांगा, बरेच जण आनंदाने दाखवतात.

नमुन्यांमध्ये दूध, मासे, भाजी, समुद्रशैवाल, खाडीचा गाळ, पाणी असं असतं. तक्त्यात 'आढळले नाही' दिसलं तर लगेच खूश होऊ नका, आढळण्याची खालची मर्यादा काय होती ते विचारा. गाळात सिझियम-१३७ दिसलं म्हणून लगेच घाबरूही नका, ५०-६०च्या दशकातल्या अणुचाचण्यांचं ते जगभर सांडलंय. सिझियम-१३४ दिसलं तर गोष्ट वेगळी. ते अणुभट्टीत तयार होतं आणि दोनेक वर्षांत निम्मं होतं, म्हणजे ताजं असतं.

खाडीकाठ
हे हवं होतं. आमच्या विहिरीच्या पाण्यावर यंत्र धरून बघितलं होतं, काही नव्हतं. ते एक बरं.

अणुरेणू
विहिरीचं विसरा! ३ आणि ४ नंबरची युनिट जड पाण्याची आहेत, त्यांच्या बाबतीत पाण्यातला प्रश्न ट्रिशियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा. त्याचे बीटा कण इतके दुबळे की तुमच्या नळीच्या आतच शिरत नाहीत. यंत्र शांत राहिलं यावरून काहीच कळत नाही. त्याला लिक्विड सिंटिलेशन काउंटर लागतो, तो प्रयोगशाळेत असतो. गावाच्या विहिरींचे नमुने घेतात का, कुठल्या, वर्षातून किती वेळा, हे विचारा. १ आणि २ नंबरची १९६९ची, साध्या पाण्याची, जात वेगळी. तिथे चिमणीतून जाणाऱ्या झेनॉन-क्रिप्टॉन वायूंबद्दल विचारा. चारही युनिटना एकच प्रश्न विचारलात तर उत्तरही गुळमुळीत मिळेल.

गावकरी_गणू
आणि केंद्र सुरू व्हायच्या आधीची मोजणी मागा. ती नसेल तर बाकी सगळं फुकट.

माजी_प्रयोगशाळा
गणूभाऊंशी पहिल्यांदाच सहमत. भट्टी सुरू व्हायच्या आधी आजूबाजूचं सर्वेक्षण करतात, तुलनेचा पाया तोच. मात्र ६०च्या दशकातली साधनं आणि आजची साधनं वेगळी, हे लक्षात ठेवून वाचा.

बोईसरचा_बंड्या
इरिडियमचं पण विचारा. म्हणत नाही काही, पण विचारा.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. त्या रात्रीच्या नोंदी, वाऱ्याची दिशा, अंशांकनाची तारीख, खालची मर्यादा, विहिरींचं ट्रिशियम, आधीची मोजणी, एवढं कागदावर घेतलंय. बंड्याशेठ, तुमचंही शेवटी लिहिलंय. इतर मंडळींना प्रश्न वाटून देतोय, एकट्यानेच बोललो तर लवकर गप्प करतात.

नवा_भिडू
छान धागा! हे पिवळं यंत्र मोबाइल टॉवरचं रेडिएशन मोजतं का? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर...

अणुरेणू
नाही. वेगळा धागा काढा.