मदत हवी आहे: बाबांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), बाहेर फ्लूची साथ. नेमकं काय बंद करायचं?

बाबा ७४ वर्षांचे, इन्हेलर रोजचा. पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि साधी सर्दीही त्यांच्या छातीत उतरते. डॉक्टर म्हणाले, "गर्दी टाळा." पण कोणती?

आईचा सगळा भर पुसापुशीवर. दुधाच्या पिशव्या, दाराच्या कड्या, काही सुटत नाही. मी रोज डोंबिवली-दादर लोकलने, लेडीज डब्यात (जास्त सांगायला नको). लेक दहावीला, क्लासला एसी आणि खिडक्या बंद. शिवाय बाबांचं शनिवारचं भजन, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून दोन तास टाळ-मृदंग.

घरात भजनाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, देवाचं काम ना! मला मात्र त्याचीच धास्ती वाटते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची तालीम झाली होती. ६१ जण होते, त्यातले ५३ कोविडने आजारी पडले, दोघं दगावले. दाराशी सॅनिटायझर होतं, हस्तांदोलनही टाळलं होतं म्हणे. हे फ्लूलाही लागू होतं का? आणि बाबांना जास्त धोका कशाचा, माझ्या लोकलचा की त्यांच्या भजनाचा? त्यांचा घराबाहेर पडायचा तेवढाच दिवस आहे, तो सरसकट बंद करवत नाही.

प्रतिसाद १
मी इमारतींच्या एसीचं काम करतो, तेवढ्यापुरतं सांगतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. क्लासमध्ये कार्बन डायऑक्साइडचं मीटर ठेवून बघा. बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतं. आत हजाराच्या वर गेलं तर खोलीत ताजी हवा पुरेशी येत नाही असं समजा. साध्या लोकलला निदान दारं-खिडक्या उघड्या असतात, पण तोंडाला तोंड लागलेलं असतं त्याचं काय!

प्रतिसाद २
ताई, फ्लू जवळच्या शिंतोड्यांतून, हवेतल्या बारीक कणांतून आणि हातांवाटेही पसरतो. म्हणून साबणाने हात धुणं सोडू नका, पिशव्या पुसणं सोडलं तरी चालेल. मोठ्याने गाताना गप्प बसण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात, म्हणजे तुमची धास्ती रास्त आहे. "सर्दी असेल त्याने येऊ नये" एवढ्यावर भागत नाही, कारण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस फ्लू पसरवू शकतो.

भजन बंद नको, जागा बदला. गच्चीवर शेड असेल तर उत्तम. नाहीतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, बाबांना खिडकीजवळ बसवा आणि वेळ निम्मी करा. लोकलमध्ये तुम्ही एन९५ लावा, नाकाशी फट राहू देऊ नका. बाबांनी यंदाची फ्लूची लस घेतली का? ती दरवर्षी घ्यावी लागते, परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या) लशीबद्दलही त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. लस राहिली आहे, याच आठवड्यात विचारते. क्लबहाऊसला मागे एक दार आहे, कायम कुलपात. सेक्रेटरींकडे चावी मागितली आहे. शेडचं बोलले तर पेटीवाले काका लगेच म्हणाले, "दमट हवेने पेटीचे सूर बसतात." यावर कुणाकडे उपाय आहे का?